गर्दीला मागे फिरायची वाट ठेवा: पोलीस प्रशिक्षणाविषयी खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. संचालक, महाराष्ट्र पोलीस अकादमी, नाशिक

महोदय,

गणपती, नवरात्र, ईद किंवा निवडणूक जवळ आली की राज्यातल्या गावोगावच्या मोठ्या चौकांत दंगा काबू योजनेची रंगीत तालीम होते. साध्या कपड्यांतले काही अंमलदार घोषणा देत येतात, दोन-चार दगड भिरकावतात, टायर पेटवतात. मेगाफोनवरून इशारा दिला जातो. मग अश्रुधुराच्या नळकांड्या, मग लाठी, मग हवेत गोळी आणि शेवटी स्ट्रेचरवरून ‘जखमी’ रुग्णवाहिकेत. अर्ध्या तासाच्या आत चौक मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. नागपुरात मी अशा तालमी अनेकदा पाहिल्या आहेत. दरवेळी माझं लक्ष एकाच गोष्टीकडे जातं. तालमीतल्या जमावाला पळायला तिन्ही बाजू मोकळ्या असतात. लाठी उगारली की तो पळतो, कारण त्याला पळता येतं. त्या मोकळ्या बाजूंविषयी मला आपल्याशी बोलायचं आहे.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात त्या बाजू मोकळ्या नव्हत्या. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. गुरं राखणारा गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला विदर्भभरातून आला होता. बायका होत्या, कडेवरची मुलं होती, शिदोऱ्या बांधून आलेली म्हातारी माणसं होती. विधानभवनाच्या अलीकडे मोर्चा अडवला गेला. लोक तासन् तास थांबले आणि निवेदन घ्यायला कुणी मंत्री आला नाही. संध्याकाळी गडबड उडाली, लाठी चालली, लोक मागे फिरले, आणि मागे फिरायला जागाच नव्हती. ११४ माणसं गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुलं होती. ही माणसं एकमेकांखाली चिरडून आणि गुदमरून मेली. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे, झिरो माइलजवळ स्मारक आहे, आणि दर २३ नोव्हेंबरला तिथे लोक जमतात. त्या दिवसातून राज्याच्या पोलीस प्रशिक्षणाने काय घेतलं, हे मात्र त्यांतल्या कुणाला सांगता येणार नाही, कारण ते कधी जाहीरपणे सांगितलंच गेलेलं नाही.

त्या संध्याकाळी जे घडलं त्यामागे एक साधी यंत्रणा आहे, आणि ती प्रत्येक अंमलदाराला शिकवता येण्यासारखी आहे. दाट गर्दीतल्या पुढच्या रांगेला मागे जाता येत नाही. तिच्या पाठीशी हजारो माणसं असतात, आणि पुढे काय चाललंय हे त्यांना दिसत नाही की ऐकू येत नाही. लाठी पुढच्या रांगेवर पडते. ती रांग वळते आणि मधल्या रांगांवर आदळते. मागचे अजून पुढेच सरकत असतात. दोन लोटांच्या मध्ये सापडलेली माणसं आधी उभ्या-उभ्या दाबली जातात, मग कुणाचा तरी पाय घसरतो आणि त्याच्यावर माणसांचा थर पडतो. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असेपर्यंत माणूस आपल्या पायांनी चालतो. सहा-सातच्या पुढे गेलं की त्याचं शरीर त्याच्या ताब्यात राहत नाही, गर्दी नेईल तिकडे तो जातो. अशा वेळी छाती फुगायला जागा उरत नाही आणि माणूस उभा असतानाच गुदमरतो. ‘चेंगराचेंगरी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पायदळी तुडवलेली माणसं येतात. प्रत्यक्षात पुष्कळांचा श्वास त्याआधीच थांबलेला असतो.

हे कळलं की बंदोबस्ताकडे पाहण्याची नजर बदलते. आपल्याकडे सगळा बंदोबस्त मोर्चाच्या तोंडाशी असतो. बॅरिकेड तिथे, ढाली तिथे, अश्रुधूर डागणारं वज्र वाहन तिथे, अधिकारी तिथे, कॅमेरेही तिथेच. मोर्चाच्या शेपटाशी फार तर वाहतुकीचे दोन अंमलदार असतात. पण जीव वाचवण्याचं काम शेपटाशी आहे. पुढे वाट अडली की मागची आवक ताबडतोब थांबवायला हवी, मागच्यांना थांबून वळायला सांगायला हवं, त्यांना बाजूच्या रस्त्याने सोडायला हवं, आणि मग मधल्यांना जागा मिळते. शेपटाला उभा असलेला अंमलदार बिनतारीवरून ‘मागचा रस्ता मोकळा आहे’ असं कळवत नाही, तोपर्यंत पुढच्या अधिकाऱ्याने लाठीचा हुकूम देऊ नये. हा एक नियम तालमीत घाला, एवढंच मी नागपूरकर म्हणून मागते आहे. बाकी जे लिहिते ते याच मागणीच्या पोटातलं आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ आपल्याला मी सांगायला नको. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १२९ तेच तिथे आलं आहे. बेकायदा जमावाला, किंवा शांतता भंग करील अशा पाच वा अधिक लोकांच्या जमावाला, पांगण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो, ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो, आणि तो हजर नसेल तर उपनिरीक्षक किंवा त्यावरचा कुठलाही अधिकारी देऊ शकतो. आदेश आधी आणि बळ नंतर, असा कायद्याचा क्रम आहे. म्हणजे नाशिकच्या अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला पंचविशीतला उपनिरीक्षक एखाद्या संध्याकाळी हजारो माणसांसमोर हा आदेश देणारा एकटा अधिकारी असू शकतो. त्याला कलम पाठ असतं. पण आदेश म्हणजे मेगाफोनमधून एकदा ओरडणं नव्हे, हे त्याच्याकडून करून घेतलं जातं का? आदेश शेवटच्या माणसाच्या कानावर गेला का, तो कुठल्या बोलीत दिला, ‘निघून जा’ म्हणताना ‘कुठून’ ते सांगितलं का, आणि आदेश व लाठी यांमध्ये चालत निघून जाण्याइतका वेळ दिला का? कडेवर मूल घेतलेल्या बाईला पन्नास पावलं मागे सरकायला किती वेळ लागतो, हे मैदानावर घड्याळ लावून मोजून दाखवा. प्रशिक्षणार्थी ते विसरणार नाही.

अश्रुधुराबद्दलही हेच. लाठीपेक्षा धूर बरा, त्याने हाड मोडत नाही, असं मानलं जातं. मोकळ्या रस्त्यावर, वारा पाहून, माणसांना जायला वाट असताना ते खरं असेल. बंद जागेत धूर माणसांना मारतो. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातल्या मलांग शहरात फुटबॉल सामन्यानंतर पोलिसांनी स्टेडियममध्ये अश्रुधूर सोडला. लोक दरवाजांकडे धावले, वाटा अरुंद होत्या, आणि १३५ माणसं मेली. १९६४ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे अगदी असंच घडून ३०० हून अधिक माणसं गेली होती. मधली जवळजवळ सहा दशकं जगभरच्या पोलीस शाळांत नळकांडी किती अंशांत डागायची हे शिकवलं जात होतं. समोरचं दार उघडं आहे का ते आधी बघायचं, हा धडा मलांगपर्यंत पोहोचला नव्हता. आपल्या गावांतल्या बाजारपेठा, घाटावरचे बोळ, रेल्वेचे पूल या सगळ्या बंद जागाच आहेत. नळकांडी तशा ठिकाणी बंदुकीत भरायचीच नाही, असा स्पष्ट नियम धड्यात हवा.

आता एक गोष्ट जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या प्रशिक्षणात गर्दी आणि दंगल हे शब्द फार लवकर एकत्र येतात. पाठातला जमाव पहिल्या मिनिटापासून दगड मारणारा असतो. महाराष्ट्राचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. २०१६ आणि २०१७ मध्ये मराठा समाजाचे ५८ मूक मोर्चे निघाले. लाखालाखांनी लोक आले. पुढे शाळा-कॉलेजातल्या मुली, मागे बायका, मग पुरुष, आणि सर्वांत शेवटी रस्ता झाडत येणारे स्वयंसेवक. मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिकहून चालत मुंबईत आला. त्या दिवशी दहावीची परीक्षा होती, म्हणून पायांना फोड आलेली ती माणसं सोमय्या मैदानावरून रात्रीच उठली आणि मुलांच्या गाड्या अडू नयेत म्हणून अंधारात आझाद मैदान गाठती झाली. दोन्ही वेळी पोलीस आणि संयोजक आधीपासून एकमेकांशी बोलत होते. मार्ग ठरलेला होता आणि शब्द पाळला जात होता. हे उत्तम पोलिसिंग होतं. ते ज्या अधिकाऱ्यांनी केलं त्यांना अकादमीत बोलवा आणि काय केलं ते टप्प्याटप्प्याने सांगू द्या. लाठी न चालवता पार पडलेल्या दिवसाची केस डायरी होत नाही, म्हणून ते ज्ञान अधिकाऱ्यांच्या निवृत्तीबरोबर घरी जातं.

आणि याच मराठा आंदोलनात १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषणाच्या ठिकाणी लाठी चालली. तिथे गावकरी जखमी झाले आणि पोलीसही मोठ्या संख्येने जखमी झाले. चित्रफिती काही तासांत राज्यभर पसरल्या, एसटी गाड्या जळाल्या, बंद पुकारले गेले आणि गृहखातं सांभाळणाऱ्या उपमुख्यमंत्र्यांना जाहीर माफी मागावी लागली. मागणी तीच होती, समाज तोच होता. एका गावातल्या मांडवाभोवतीचा तणाव राज्यभराचा झाला तो लाठीमुळे. त्या दिवशी दगड आधी की लाठी आधी, यावर लोक अजून भांडतात. प्रशिक्षणासाठी तो प्रश्न दुय्यम आहे. अनिता ठाकूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की जमावाने आधी हिंसा केली असली, तरी तो आटोक्यात आल्यावर त्याला मारत राहणं हा हक्कांचा भंग आहे. लाठी कधी थांबवायची, याचा सराव लाठी कशी धरायची याच्या सरावाइतकाच व्हायला हवा. ‘थांब’ म्हटल्यावर सगळी तुकडी एका क्षणात थांबते का, हे कवायतीत तपासा.

गर्दीला ताब्यात ठेवणारे लोक गर्दीतच असतात, हे आपल्याला वारी शतकानुशतकं दाखवते आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, काही रथापुढे तर काही रथामागे. कुणी कुणाच्या पुढे घुसत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरतीच्या वेळी टाळांचा गजर चालू असतो आणि चोपदार चोप वर करतो. त्या एका खुणेने हजारोंचा तो समुदाय शांत होतो. चोपदाराच्या हातातली काठी कुणावर उगारण्यासाठी नाही. ती उचलली की लोक ऐकतात, कारण चोपदार त्यांचा आहे. प्रत्येक मोर्चात, मिरवणुकीत, जत्रेत असे चोपदार असतात. कुणी मंडळाचा अध्यक्ष, कुणी गावची सरपंच, कुणी ढोलपथकाची शिट्टी वाजवणारी मुलगी. त्यांना आधी ओळखणं, त्यांचा नंबर जवळ ठेवणं आणि ऐन वेळी मेगाफोन त्यांच्या हातात देणं हेही एक तंत्रच आहे. २००१ मध्ये गोथेनबर्गच्या दंगलीत पोलिसांच्या गोळ्यांनी तिघे जखमी झाले, त्यानंतर स्वीडनने आंदोलकांशी फक्त बोलण्यासाठी वेगळे संवाद-पोलीस तयार केले. आपल्याला त्यासाठी स्वीडनला जायची गरज नाही, आळंदीला गेलं तरी पुरे.

राज्य राखीव दलाविषयी मला थोडं हक्काने लिहायचं आहे, कारण माझे वडील त्या दलात होते आणि माझं बालपण त्यांच्या बंदोबस्ताच्या वेळापत्रकावर बेतलेलं होतं. राखीव दलाचा जवान अनोळखी गावात उतरवला जातो. गल्ली कुठे निघते, वस्ती कुणाची, कशावरून पेटली, हे त्याला कुणी सांगत नाही. रात्रभराचा प्रवास, पोटात वेळेवर अन्न नाही, आणि समोर संतापलेली माणसं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राखीव दलाच्या गोळीबारात दहा माणसं गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हा पोलिसांचा बचाव गुंडेवार आयोगाने स्वीकारला नाही, आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली. न्यायालयाने आपलं काम केलं. पण वस्तीची माहिती नसलेल्या प्लाटूनला तिथे पाठवण्याची पद्धत तशीच राहिली, तर पुढच्या वेळी दुसरी वस्ती असेल आणि दुसरा उपनिरीक्षक असेल. गोवारी प्रकरणावरचा आणि रमाबाई नगरावरचा असे दोन्ही चौकशी अहवाल प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात वाचून घ्या. नकाशा फळ्यावर काढा, कोण कुठे उभं होतं ते दाखवा आणि प्रत्येकाला विचारा, ‘तू तिथे असतास तर?’

संयम शिकवायचा तर संयमाची किंमत खात्याने ठेवली पाहिजे. ११ ऑगस्ट २०१२ ला आझाद मैदानात हिंसा झाली. दोघांचा मृत्यू झाला, अनेक पोलीस जखमी झाले आणि महिला अंमलदारांशी दुर्वर्तन झालं, ज्याचा संताप आजही येतो. तरीही त्या संध्याकाळी शहर पेटू दिलं गेलं नाही. काही दिवसांतच पोलीस आयुक्तांची बदली झाली. बदलीमागचं राजकारण काहीही असो, कनिष्ठ अधिकाऱ्यांनी त्यातून एकच धडा घेतला असणार. वर्गात शिकवलेला संयम त्या धड्यापुढे टिकत नाही.

खरी दंगल असते तेव्हा काय, असं आपण विचाराल. घरं जळत असताना, माणसं नाव विचारून मारली जात असताना पोलिसांनी तत्काळ आणि पुरेसं बळ वापरलंच पाहिजे. १९९२-९३ च्या मुंबईने ते उशिरा आणि असमान वापरल्याचे परिणाम भोगले, आणि न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर जे लिहिलं ते कुठल्याही ढालीने किंवा हेल्मेटने दुरुस्त होणारं नाही. केंद्राचं शीघ्र कृती दल त्याच काळात उभं राहिलं, त्याची एक बटालियन आपल्या तळोज्यात आहे. पण दंगलीत लागणारं बळ मोर्चावर, जत्रेवर, विजयोत्सवाच्या गर्दीवर वापरलं की नवी दंगल तयार होते किंवा माणसं चिरडतात. समोर यातलं काय आहे हे ओळखणं, हाच पहिला धडा असायला हवा.

नाशिकच्या संचालकांना हे पत्र मुद्दाम लिहिते आहे. आपली अकादमी त्र्यंबक रोडवर आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थात नाशिक आणि त्र्यंबकेश्वर यांच्यामधली माणसं आपल्या फाटकासमोरून जातील. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर ३९ भाविक चेंगरून मेले होते. पुढच्या, २०१५ च्या सिंहस्थात मार्ग बदलले, गर्दी विभागली आणि तसं काही घडलं नाही. म्हणजे हे जमतं, याच राज्यात, याच पोलिसांना जमलेलं आहे. मांढरदेवीच्या डोंगरावर जानेवारी २००५ मध्ये चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसं मेली, तिथली निसरडी पायरी आणि चिंचोळी वाटही नकाशावर काढून शिकवता येते.

म्हणून माझी विनंती अशी. २०२७ च्या पावसाळ्यातल्या स्नानपर्वाआधी एक तालीम पंचवटीच्या बोळांत करा, भर संध्याकाळी, पावसात, घसरड्या दगडांवर. जमावात होमगार्ड, महाविद्यालयीन मुलं, म्हातारी माणसं, जड गाठोडी घेतलेल्या बायका घ्या. त्या जमावाला दगड मारायला सांगू नका. त्यांना फक्त एवढंच सांगा की पुढे जायचं आहे आणि वाट अडलेली आहे. तुमच्या उपनिरीक्षकांना लाठी न देता बिनतारी, मेगाफोन आणि नकाशा द्या, आणि किती वेळात ती गर्दी सुखरूप मागे फिरवता येते ते मोजा. जे चुकेल ते जसंच्या तसं लिहून काढा आणि अहवाल लोकांपुढे ठेवा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी तशीच तालीम टेकडी रोडवर आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर व्हावी. त्यासाठी स्वयंसेवक लागतील. गोवारी समाजातली तरुण मुलं आणि माझ्या ओळखीचे अनेक शिक्षक यायला तयार होतील, त्यांना गोळा करण्याचं काम मी करीन. आपण तारीख कळवा.

आपली विश्वासू,
नागपूरची एक शिक्षिका